तुळजाबाईंच्या गच्चीवरचं धुणं

हिंजवडीत खोली शोधणाऱ्याला घरमालक साधारणपणे आधार कार्ड मागतात आणि डिपॉझिटचा आकडा सांगतात. तुळजाबाई आधी विचारायच्या, "कंच्या कंपनीत हायस, आन् तिथं नेमकं करतीस काय?"

माझी भाची सुरुची त्यांच्याकडे खोली बघायला गेली तेव्हा मी सोबत होते. तोवर ती माझ्याकडे कर्वेनगरला राहत होती. म्हणजे कपडे माझ्याकडे राहत होते. ती स्वतः बहुतेक वेळ कंपनीच्या बसमध्येच असायची. कर्वेनगरहून हिंजवडीला रोज जाऊन येणाऱ्या माणसाला सरकारनं प्रवासभत्ता नव्हे, पेन्शन द्यायला हवं, असं माझं मत आहे. विमा कंपनीत आयुष्य घालवून मी निवृत्त झालेय, त्यामुळे धोका कशाला म्हणतात ते मला कळतं.

सुरुचीनं मोघम उत्तर दिलं, "आयटीत आहे."

"आयटीत तर समदं गाव हाय. तुजं काम काय ते सांग."

मग पोरीला उभ्या उभ्या सगळं सांगावं लागलं. तिची कंपनी एका बँकेसाठी प्रोग्राम बनवत होती. गिऱ्हाइकानं तक्रारीचा फोन केला की त्याच्या नुसत्या आवाजावरून तो किती चिडलाय हे त्या प्रोग्रामला कळायचं.

"मंजे माजी सासूच की," तुळजाबाई म्हणाल्या. "तिला उंबऱ्यातनंच कळायचं घरात कोन फुगलंय ते." आणि खोली मिळाली.

तुळजाबाईंचा चार मजली वसतिगृहाचा व्याप त्यांच्याच भाताच्या खाचरावर उभा आहे. बाकीची जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर त्यांचे यजमान बजरंगराव यांनी ही इमारत बांधली आणि रंगाचा शेवटचा हात होण्याआधीच ते गेले. मुलगा पृथ्वीराज बायको-मुलांसह वाकडच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतो आणि प्लॉटचे व्यवहार करतो. खालच्या दोन मजल्यांवर मुलगे, वरच्या दोन मजल्यांवर मुली, तळाशी एका खोलीत तुळजाबाई.

त्यांचे नियम त्यांचेच होते. एका कंपनीची दोन माणसं एका खोलीत ठेवायची नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "एकाच कंपनीची आसली की रातभर बसून सायबाला शिव्या घालत्यात. आन् शिव्या घालायला लाइट लागती." त्यामुळे बँकेचा प्रोग्राम लिहिणारी पोरगी औषधांच्या कंपनीत काम करणारीच्या शेजारी झोपायची, आणि दोघींना एकमेकींच्या साहेबांची नावंही ठाऊक नसायची.

दुसरा नियम कपड्यांचा. अख्ख्या इमारतीला धुण्याचं मशीन एकच, तेही गच्चीवर. रविवारी सकाळपासून तिथं बादल्यांची रांग लागायची. तुळजाबाई टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायच्या. पोरं-पोरी एका गच्चीवर जमणार म्हटल्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं, हे त्यांचं अधिकृत कारण. नंबर यायला तास-दीड तास लागला की पोरांचा हात आपोआप मोबाइलकडे जायचा. हा रोग बाईंनी फार सोप्या पद्धतीनं बरा केला होता. जो वर येईल त्याच्या हातात त्या एक ताटली द्यायच्या आणि त्यात लसूण नाहीतर पावटा सोलायला टाकायच्या. मेसच्या स्वयंपाकाची फुकट सोय झाली, हा हिशेब मला दुसऱ्याच रविवारी कळला, कारण मीही भेटायला गेले होते आणि मलाही ताटली मिळाली होती.

दोन्ही हात गुंतले की माणसाला बोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आता कंपनीच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत असं ही सगळी पोरं सही करून देऊन बसलेली असतात. तुळजाबाईंनी कुठं सही केली होती? कोणाचं काय अडलंय ते त्या खोदून खोदून काढायच्या आणि पुढच्या रविवारी भलत्यालाच सांगायच्या. "आरं, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या पोराचंबी आसंच कायतरी अडलं व्हतं, त्याला इचार जा." अडलेलं काय आहे हे त्यांना अर्धवटच कळलेलं असायचं. पण कोणाला कोणाकडे पाठवायचं हे लग्न जमवणाऱ्या बाईच्या सफाईनं त्यांना जमायचं. त्यातून दोन लग्नंही जमली, त्याची फुशारकी त्या वेगळी मारायच्या.

अशाच एका रविवारी ते जुनं मशीन पिळायच्या वेळी कण्हायला लागलं. सुरुची सोलत बसली होती, मी तिच्या शेजारी.

"दोन दिसात बसतंय ह्ये," तुळजाबाई म्हणाल्या.

"बेअरिंग गेलंय, मावशी," सार्थक म्हणाला. हा नांदेडकडचा मुलगा, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. गाडीचा एकेक भाग मशीनवर हादरवत ठेवायचा आणि तो कधी सुटतो ते बघायचं, यासाठी त्याला पगार मिळतो.

"तुला बघितल्याशिवाय कसं कळलं?" सुरुचीनं विचारलं.

"आवाजावरून. आधी घुमतो, मग किरकिरतो."

पलीकडून निकिता म्हणाली, "आमच्या बाबांना कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं यार." निकिताच्या वडिलांचा भोसरीत लेथ यंत्रावर लोखंडी भाग कातून देण्याचा छोटा कारखाना. "मागच्या महिन्यात लेथ अचानक बसला आणि ऑर्डर शेजारच्याकडे गेली."

सुरुचीचा हात ताटलीत थांबला. "चिडलेला आवाज ओळखणं माझं रोजचं काम आहे," ती हळूच म्हणाली. "माणूस असो नाहीतर लेथ."

"हात थांबवू नगं," तुळजाबाई म्हणाल्या.

त्यातून त्या तिघांनी जी वस्तू तयार केली तिचं नाव 'कानोसा'. साबणाच्या वडीएवढी डबी मशीनला चिकटवायची. ती आवाज ऐकत राहते आणि काही वेगळं ऐकू आलं की तेवढा तुकडा साठवते, आणि त्यात यंत्राचा दोष वाटला तर मोबाइलवर इशारा देते. सुट्टे भाग तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणले. चाचण्या निकिताच्या वडिलांकडे गुरुवारी व्हायच्या, कारण भोसरीतले कारखाने गुरुवारी बंद असतात आणि मोकळ्या यंत्रांवर हवा तेवढा गोंधळ घालता येतो. गुरुवारी मालक मंडळीही मोकळीच असतात, त्यामुळे चौथ्या गुरुवारी त्या गल्लीतले निम्मे कारखानदार बघायला जमले आणि प्रत्येकानं आपापल्या मशीनचं दुखणं सांगितलं. पुढं 'कानोसा'त पैसे घालायला निघालेल्या बंगळूरच्या एका गृहस्थांनी सुचवलं की तुम्ही इकडे या, इकडे वातावरण आहे. सुरुचीनं कळवलं, "वातावरण असेल, पण चहा पिता पिता आपला बिघडलेला लेथ दाखवणारी माणसं भोसरीत आहेत." माझी भाची आहे. उत्तर आवडलं मला.

याची बातमी कुठंशी छापून आली आणि सलिल नावाचा एक संशोधक वसतिगृहात दाखल झाला. एखाद्या शहरात नव्या कल्पना का निघतात आणि शेजारच्या शहरात का निघत नाहीत, यावर त्याची संस्था अभ्यास करते. त्यानं तुळजाबाईंना विचारलं, "आपल्या इमारतीत ज्ञानाची देवाणघेवाण नेमकी कुठं होते?"

"लगीन झालंय का तुजं?" बाईंनी विचारलं, आणि ताटली पुढं केली.

पण पोरगा हुशार निघाला. चार रविवार येऊन त्यानं पावटा सोलला आणि जाडजूड अहवाल लिहिला. त्यात मधल्या एका पानावर स्वच्छ लिहिलं होतं की या गच्चीला हात लावू नये, आणि मशीनं तर मुळीच वाढवू नयेत. पृथ्वीराजनं मात्र अहवालाचं मुखपृष्ठ वाचलं आणि आतला आईचा फोटो बघितला. बाकीचं इंग्रजीत होतं आणि त्याला घाई होती.

घाईला कारणही होतं. बाईंनीच विकलेल्या शेजारच्या तुकड्यावर एक चकचकीत वसतिगृह उभं राहिलं होतं. त्याला वसतिगृह म्हणायचं नाही, 'स्टे' म्हणायचं. काचेच्या भिंती, व्यायामशाळा, प्रत्येक खोलीत धुण्याचं मशीन. तुळजाबाईंच्या खोल्या एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या. पृथ्वीराज काही वाईट मुलगा नाही, पण त्याला कुठलाही प्रश्न फरशी बदलली की सुटतो असं वाटतं. त्यानं प्रत्येक मजल्यावर नवं मशीन बसवलं. गच्चीवर काचेची खोली बांधली, त्यात रंगीत गाद्या टाकल्या आणि भिंतीवर पांढरा फळा लावून वर लिहून घेतलं: 'कल्पनांना मोकळं सोडा.' सार्थकनं बेअरिंग बदलून चालतं केलेलं जुनं मशीन त्याला भंगारात द्यायचं होतं, पण भंगारवाल्याला बाईंनी असा काही भाव सांगितला की तो परत त्या गल्लीत दिसला नाही. ते ताडपत्रीखाली एका कोपऱ्यात राहिलं.

"आणि दिवाळीनंतर तू आमच्याकडे वाकडला यायचं," पृथ्वीराजनं आईला सांगितलं. "इथं मॅनेजर ठेवतो. किती राबशील?"

"मी राबती आसं तुला कुनी सांगितलं?"

"आई, प्लीज. लोक मला नावं ठेवतात."

त्यावर बाईंनी पावट्याच्या ताटल्या गोळा करून फडताळात ठेवल्या. त्या वाद सोडून आवराआवर करायला लागल्या की मला काळजी वाटते, कारण वाद सोडणं त्यांना येतच नाही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा काचेच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. फळ्यावर कोणीतरी एकच कल्पना मोकळी सोडली होती: 'वायफायचा पासवर्ड काय आहे?' पोरं आपापल्या मजल्यावर मशीनमध्ये कपडे कोंबायची, खोलीत जाऊन मोबाइल घेऊन लोळायची आणि शिट्टी वाजली की कपडे काढून आणायची. सुरुचीला मी विचारलं, तुझ्या शेजारच्या खोलीत नवीन आलेली मुलगी काय करते? तिला ठाऊक नव्हतं. महिन्यापूर्वी तिला त्या मुलीच्या आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा ठाऊक असतं. एवढं करून खोल्या रिकाम्या व्हायच्या थांबल्या नाहीत, कारण मशीनच हवं असेल तर शेजारी व्यायामशाळाही होती. तुळजाबाई खाली दारात बसून होत्या. समोरून कंपन्यांच्या बसेस जात होत्या, त्यांतल्या कोणाला थांबवून विचारणार?

आणि मग नवी मशीनं बंद पडायला लागली. आज दुसऱ्या मजल्यावरचं, उद्या चौथ्यावरचं. बटण दाबलं की दिवे लागायचे, घूं व्हायचं आणि सगळं थांबायचं. कंपनीचा मेकॅनिक यायचा, त्याच्यासमोर मशीन गुणी बाळासारखं फिरायचं. तो चहा पिऊन गेला की पुन्हा ठप्प. तिसऱ्या वेळी तो पृथ्वीराजला म्हणाला, "साहेब, मशीन ठणठणीत आहे. घराची शांत करून घ्या." पोरं बादल्या घेऊन गच्चीवर जायला लागली आणि ताडपत्री निघाली.

खरी पंचाईत सुरुचीची झाली. पृथ्वीराजनं हौसेनं प्रत्येक नव्या मशीनला 'कानोसा' चिकटवून घेतला होता आणि त्याची जाहिरातही केली होती. आता मशीनं धडाधड बसत होती आणि डबी म्हणत होती, दोष नाही. "स्वतःच्या घरातलं मशीन ज्याला कळत नाही, त्याला भोसरीत कोण दारात उभं करणार?" सार्थक म्हणाला. तेव्हा डब्यांनी साठवलेले आवाजच ऐकायचे ठरलं. रविवारी दुपारी तुळजाबाईंच्याच खोलीत सगळे जमले. पृथ्वीराज आला होता, मी थालीपीठाची भाजणी घेऊन गेले होते, आणि तुळजाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या इतक्या निरागस दिसत होत्या की मला तेव्हाच शंका आली.

सुरुचीनं लॅपटॉपवर चौथ्या मजल्यावरचा एक तुकडा लावला. आधी चपलांचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या. मग पाण्याचा कॉक फिरवल्याची करकर. आणि मग स्वच्छ मराठीत ऐकू आलं, "आता बस गुमान."

हसण्याचा स्फोट झाला. मेकॅनिक यायच्या आधी कॉक उघडायचा आणि तो गेल्यावर बंद करायचा, एवढीच ती करणी होती. "म्हणजे आपली डबी बरोबर होती," सार्थक म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद होता. पृथ्वीराजनं कपाळावर हात मारला. "आई, काय हे? लहान आहेस का?"

"त्या डब्याला कुनी सांगितलं व्हतं चोरून ऐकाया?" बाई ठसक्यात म्हणाल्या. "माजी सासू बरी. समूर बसून तरी ऐकायची."

सुरुची तुकडा बंद करायला गेली, पण तो अजून संपला नव्हता. "थांब," पृथ्वीराज म्हणाला.

"तुज्यावर राग न्हाई रं माजा," लॅपटॉपमधली तुळजाबाई मशीनला सांगत होती. "तू आपलं काम करतंयस. पर तू आलास आन् वर यायचं समद्यांनी सोडलं. आज इतवार. सकाळपास्नं तीन पोरी फुडनं गेल्या, बऱ्या हाय का मावशी म्हनल्या, आन् लिफ्टात शिरल्या. पयलं आमी नदीवर जायचो धुनं घिऊन. कुनाची म्हस व्याली, कुनाच्या पोरीला मागनं आलं, कंचं बी कुनाच्या रानात चांगलं उगावलं, समदं थितंच कळायचं. त्या बाया गेल्या. कोन वाकडला गेली, कोन देवाघरी. पृथीराज म्हनतो तिकडं चल. आकराव्या मजल्यावर काय करू मी? दार लावलं की मानूस मेलं का जित्तं, शेजारच्याला कळत न्हाई." मग जरा वेळ नुसता मशीनच्या पत्र्यावर फडकं फिरवल्याचा आवाज आला. "जाऊ दे. तुला सांगून काय उपेग."

तुकडा तिथं संपला. मला भरून आलं, आणि चारचौघांत भरून आलं की मला स्वतःचा राग येतो, म्हणून मी भाजणीचा डबा उघडून बंद केला. सार्थकनं लॅपटॉप मिटला. तुळजाबाई दारातून आत आल्या आणि चहाचं आधण ठेवायला लागल्या, आमच्याकडे पाठ करून. पृथ्वीराज चहाला थांबला नाही. गाडीची किल्ली उचलून तो निघून गेला, आणि त्याच्यासाठी बाईंनी काढलेलं साखरेचं माप तसंच राहिलं.

"रागावला," त्या म्हणाल्या. "आता दिवाळीची बी वाट बघायचा न्हाई."

त्या आठवड्यात त्यांनी सुरुचीकडून दोन रिकामी खोकी मागून घेतली. एकात बजरंगरावांचा फोटो आणि देव ठेवले, दुसऱ्यात काय ठेवावं ते त्यांना सुचेना, असं सुरुचीनं फोनवर सांगितलं. मला पुढच्या रविवारी जायचं कारण नव्हतं, तरी मी गेले. स्वारगेटच्या कोंडीतून जायचं असतं तरी गेले असते, आणि माझ्या तोंडून हे वाक्य निघणं म्हणजे काय हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको.

गच्चीवर रांग होती. मजल्यांवरची मशीनं बंद होती. कॉक कोणी फिरवला हे सगळ्यांना माहीत होतं आणि तक्रार एकाचीही नव्हती. चौथ्या मजल्यावरची एक मुलगी तर मला म्हणाली की या वेळी तो तिनंच फिरवला. काचेच्या खोलीत वारा लागत नाही म्हणून सगळे तिथल्या गाद्या बाहेर ओढून बसले होते. शेजारच्या स्टेमधले दोघंही आले होते. त्यांच्या खोलीत मशीन असताना ते बादल्या घेऊन कशाला आले, हे त्यांना कोणी विचारलं नाही. तुळजाबाई खुर्चीत होत्या, पण त्यांचं लक्ष रांगेवर नव्हतं. खाली गाडीचं दार वाजलं की त्या कठड्याकडे बघायच्या.

पृथ्वीराज जिन्यानं वर आला. पांढरा शर्ट, गॉगल, आणि हातात कपड्यांनी भरलेली मोठी बादली; वर मुलाचा शाळेचा गणवेश लोंबत होता. एवढ्या पायऱ्या बादली घेऊन चढल्यामुळे त्याला धाप लागली होती. त्यानं आईसमोर येऊन बादली खाली ठेवली.

"का रं?" बाईंनी विचारलं. "घरचं मशीन बिघडलं?"

"हो."

"काय झालं त्याला?"

"पाणीच येत नाही," पृथ्वीराज म्हणाला.

तुळजाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग पदराचं टोक डोळ्यांना लावलं, ऊन फार आहे असं काहीतरी पुटपुटल्या, आणि रांगेकडे हात केला.

"तुज्या म्होरं आठ-दहा जनं हायती," त्या म्हणाल्या. "वेळ लागंल. बस."

तो बसला.